गोल फॉरवर्डचा, पण पाय कुणाचा?

7 सप्टेंबर 2023. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला घरच्यासारखे ठाऊक असलेले एमसीजी. त्या रात्री तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या फायनल्समधला सामना होता, कॉलिंगवूड विरुद्ध मेलबर्न. समोरच्या गोलपुढच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात मेलबर्नने कॉलिंगवूडच्या जवळपास दुप्पट वेळा चेंडू नेला आणि तरी सामना घालवला. कॉलिंगवूडचे 9 गोल, 6 बिहाइंड, एकूण 60; मेलबर्नचे 7 गोल, 11 बिहाइंड, एकूण 53. पुढच्या आठवड्यात कार्लटनविरुद्ध 9 गोल आणि 17 बिहाइंड मारून मेलबर्न दोन गुणांनी हरला आणि त्यांचा हंगाम संपला. मग जे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या क्लबच्या वाट्याला येते ते झाले. सगळ्यांची बोटे फॉरवर्ड फळीकडे वळली. इतका चेंडू मिळूनही यांना गोल मारता येत नाहीत, तर यांना ठेवायचे कशाला?

हे निदान मला अपुरे वाटते, आणि अन्यायाचेही. फॉरवर्डच्या नावापुढे लागणारा गोलांचा आकडा हा त्याच्या एकट्याच्या कर्तबगारीचा आकडा नसतो. त्याच्यापासून चाळीस-पन्नास मीटर अलीकडे, धावता धावता, अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चुकवत, कुणीतरी चेंडूला पाय लावलेला असतो. तो चेंडू कसा आला, किती उंच आला, कुठे पडला आणि मुख्य म्हणजे केव्हा आला, यावर फॉरवर्डचे निम्म्याहून अधिक भवितव्य ठरते. चेंडू 'किती वेळा' पुढे गेला हे मोजून फॉरवर्डचा हिशेब मांडणे म्हणजे भलताच पुरावा घेऊन निकाल देणे आहे.

खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान लंबवर्तुळाकार असते आणि त्याचे माप ठरलेले नसते. साधारण दीडशे-एकशे साठ मीटर लांब. एका बाजूचे अठरा खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने मारला की गोल, 6 गुण. बाजूच्या खांबांतून गेला की बिहाइंड, 1 गुण. ऑफसाइड नाही, त्यामुळे बचाव करणारे कुठेही उभे राहू शकतात. आणि या खेळाचा प्राण असलेली गोष्ट म्हणजे मार्क. किमान 15 मीटर आलेली किक कुणाचा स्पर्श होण्याआधी झेलली की झेलणाऱ्याला कुणी हात लावू शकत नाही. तो शांतपणे मागे जाऊन गोलवर किक घेतो. फॉरवर्डचे जगणे या झेलावर चालते.

आता तो झेल नीट पाहू. फॉरवर्ड गोलजवळ उभा आहे आणि त्याचा बचावपटू त्याला चिकटून आहे. मिडफिल्डरने चेंडू उचलला, मान वर केली, आणि त्याच क्षणी फॉरवर्ड त्याच्या दिशेने सुसाट निघतो. याला लीड म्हणतात. पहिल्या चार-पाच पावलांत त्याला बचावपटूवर दीड-दोन मीटरची आघाडी मिळते आणि ती फार टिकत नाही. चेंडू त्या अवधीत, त्याच्या छातीच्या उंचीवर, त्याच्या किंचित पुढे आला तर बचावपटूची मूठ चेंडूपर्यंत पोहोचत नाही. चेंडू अर्धा सेकंद उशिरा आला किंवा डोक्यावरून गेला की आघाडी संपली. मग फॉरवर्डला थांबावे लागते, मागे वळावे लागते, आणि थांबलेल्या फॉरवर्डसारखे सोपे सावज बचावपटूला दुसरे नाही.

उंचीचे गणित तर आणखी क्रूर आहे. सपाट मारलेली पंचेचाळीस-पन्नास मीटरची किक ढोबळमानाने अडीच सेकंदांत पोहोचते. तेवढेच अंतर जाणारा उंच लोंबता चेंडू साडेतीन सेकंदांच्या आसपास घेतो. हा वाढीव एक सेकंद कुणाच्या कामी येतो? धावत येणारा बचावपटू सेकंदाला सात मीटर सहज कापतो. म्हणजे ज्या द्वंद्वात एकास एक असते तिथे आता दुसरा आणि तिसरा बचावपटू येऊन उभा राहतो. फॉरवर्डला उडी मारायला जागा उरत नाही, आणि प्रेक्षकांना दिसते एवढेच की त्याला झेल घेता आला नाही.

किकच्या तंत्राचाही यात मोठा वाटा आहे. जुन्या काळी ड्रॉप किक आणि फिरकी घेत लांब जाणारी टॉर्पिडो या किक सर्रास मारल्या जात. साधारण 1970 च्या दशकापासून ड्रॉप पंटने त्यांची जागा घेतली. ड्रॉप पंटमध्ये लांबट चेंडू उभा धरून पायावर सोडतात. तो मागच्या बाजूला गिरक्या घेत जातो, हवेत भरकटत नाही आणि झेलणाऱ्याच्या हातात मऊ येतो. टॉर्पिडो अधिक लांब जाते, पण शेवटच्या क्षणी कुठे वळेल हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. ड्रॉप पंट आली आणि फॉरवर्डला पहिल्यांदाच खात्रीचा चेंडू मिळू लागला. तेव्हापासून पुरवठा हे कौशल्याचे काम झाले. नुसते जोरात पुढे मारणे पुरेसे राहिले नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. गोलच्या दोन खांबांमध्ये 6.4 मीटर अंतर असते. चाळीस मीटरवरून अगदी समोर उभे राहिले तर ती पूर्ण रुंदी दिसते. त्याच अंतरावर, पण मध्यरेषेपासून साठ अंश बाजूला उभे राहिले तर गोल जेमतेम 3.2 मीटरचा होतो. घाईत असलेला मिडफिल्डर बहुतेक वेळा चेंडू सुरक्षित म्हणून सीमारेषेकडच्या कोपऱ्यात टाकतो. फॉरवर्ड तिथे जिवावर उदार होऊन झेल घेतो आणि मग त्या चिरेतून किक मारून बिहाइंड करतो. तक्त्यात नोंद होते की फॉरवर्डने गोल चुकवला. त्याला त्या कोपऱ्यात कुणी पाठवले, ही नोंद कुठेच नसते. 17 बिहाइंड मारणाऱ्या संघाला सारे नेमबाजी शिकवायला जातात. त्या सतरा किक मैदानाच्या कुठल्या भागातून झाल्या, हा प्रश्न आधी यायला हवा.

मेलबर्नचेच उदाहरण पुन्हा घेतो, कारण त्यात प्रयोगाला लागणारी जवळपास सगळी सामग्री आहे. 2021 च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यात, पर्थला, हाच क्लब वेस्टर्न बुलडॉग्जविरुद्ध तिसऱ्या सत्रात 19 गुणांनी मागे होता आणि शेवटी 140 विरुद्ध 66, म्हणजे 74 गुणांनी जिंकला. बेली फ्रिचने 6 गोल मारले. ख्रिश्चन पेट्राका, क्लेटन ऑलिव्हर आणि मॅक्स गॉन या त्रयीने मैदानाच्या मध्यातून चेंडू काढला आणि तो झपाट्याने पुढे गेला. 2019 पासून नियम असा आहे की मध्यातून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाने मैदानाच्या तिन्ही भागांत सहा-सहा खेळाडू ठेवलेच पाहिजेत. त्यामुळे मध्यातून पहिल्या दोन स्पर्शांत चेंडू सुटला तर पुढे गर्दी नसते, फॉरवर्डसमोर एकटा बचावपटू असतो. त्या रात्री फॉरवर्ड्सना असा चेंडू मिळाला. दोन वर्षांनी तीच त्रयी मध्यात होती, प्रशिक्षकही सायमन गुडविनच होते, पण चेंडू मैदानभर फिरून, दाबाखाली, उंच लोंबत, आधीच दाटून बसलेल्या बचावफळीवर पडत होता. फॉरवर्ड फळीत दुखापती होत्या हे खरे आणि ते वजा केलेच पाहिजे. पण कॉलिंगवूडने त्या सामन्यात निम्म्याच्या आसपास संधींतून 15 वेळा गुण मिळवले आणि मेलबर्नने एवढ्या साऱ्या संधींतून 18 वेळा, ही दरी दुखापतींनी भरून निघत नाही.

गेल्या दोन-अडीच दशकांत या खेळाचा इतिहासच पुरवठा आवळण्याचा आहे. बॉब प्रॅटने 1934 मध्ये साउथ मेलबर्नसाठी एका हंगामात 150 गोल मारले. 1971 मध्ये हॉथॉर्नच्या पीटर हडसनने त्या विक्रमाशी बरोबरी केली. प्रॅटच्या पुढेमागे लॉरी नॅश खेळत होता, ऑस्ट्रेलियाकडून दोन कसोटी खेळलेला वेगवान गोलंदाज आणि फुटबॉलमधला त्याहून मोठा खेळाडू. एका हंगामात शंभर गोल ही तेव्हा दुर्मीळ पण आवाक्यातली गोष्ट होती. 2008 मध्ये लान्स फ्रँकलिनने 113 गोल मारले. त्यानंतर आजवर कुणालाही शंभरी गाठता आलेली नाही. या पिढीत गोल मारणाऱ्यांची जात कमी झाली का? फॉरवर्ड आज अधिक उंच आहेत, अधिक वेगवान आहेत, वर्षभर पूर्णवेळ सराव करतात. कमी झाली ती त्यांच्यासमोरची मोकळी जागा आणि त्यांना चेंडू देणाऱ्याच्या हातातला वेळ.

2000 मध्ये एसेंडन अजिंक्य वाटत होता. मॅथ्यू लॉइडने त्या वर्षी 109 गोल मारले. त्या अख्ख्या हंगामात एसेंडन एकदाच हरला, टेरी वॉलेस यांच्या बुलडॉग्जकडून. वॉलेस यांनी खेळाडूंचा लोंढाच मागे, बचावात नेऊन ठेवला होता. लॉइडला बांधायचे तर लॉइडला पकडायची गरज नाही, त्याच्याकडे येणारा रस्ता बुजवला की पुरे, हे त्या दिवशी साऱ्यांना कळले. पुढे हॉथॉर्नच्या अलिस्टर क्लार्कसन यांनी माणसाऐवजी जागा अडवणारी रचना आणली, जिचे नाव क्लस्टर पडले. प्रशिक्षक जेव्हा मोठ्या फॉरवर्डला रोखायची योजना आखतात तेव्हा ते पुरवठ्यावर घाव घालतात. मग तोच फॉरवर्ड अपयशी ठरला की त्याचे मोल ठरवताना आपण पुरवठा विसरतो, हे कुठले न्यायाचे माप?

ज्यांनी हे उलट्या बाजूने ओळखले त्यांनी विजेतेपदे मिळवली. डेनिस पेगन यांनी नॉर्थ मेलबर्नमध्ये गोलसमोरचा पट्टा जाणूनबुजून रिकामा ठेवायला सुरुवात केली. बाकीचे फॉरवर्ड वर काढायचे आणि वेन कॅरीला त्या मोकळ्या रानात एकट्या बचावपटूबरोबर सोडायचे. लोक त्याला 'पेगनचे कुरण' म्हणू लागले. 1996 आणि 1999 अशी दोन विजेतेपदे त्यातून आली. कॅरी असामान्य होताच, पण पेगन यांची थोरवी अशी की त्यांनी चेंडू देणाऱ्याचे काम सोपे केले. रिकाम्या जागेत अर्धवट जमलेली किकही चालून जाते.

हॉथॉर्नने वेगळी वाट धरली आणि मला ती सर्वांत विचारपूर्वक वाटते. क्लार्कसन यांनी अचूक पायांची माणसे गोळा केली, त्यातही डावखुऱ्या पायांची. ल्यूक हॉज, ग्रँट बर्चॉल डाव्या पायाचे. सॅम मिचेल दोन्ही पायांनी सारखाच मारणारा. डावा पाय कशासाठी? मैदानाच्या डाव्या कडेने पुढे येणाऱ्या उजव्या पायाच्या खेळाडूला आत गोलसमोर चेंडू द्यायचा तर शरीर वळवावे लागते किंवा किक अंगावरून ओढून मारावी लागते. त्यात वेळ जातो, आणि कुठे मारणार हे बचावपटूला आधीच कळते. डावखुऱ्याला वळावे लागत नाही. बचावफळीला मग दोन्ही शक्यता सांभाळाव्या लागतात आणि फॉरवर्डला ती अर्ध्या सेकंदाची आघाडी मिळते. फ्रँकलिनच्या 113 गोलांच्या त्या वर्षी त्याच्या शेजारी जॅरिड रफहेडने 75 गोल मारले. दोघांचे मिळून 188. एकाच संघात एकाच वर्षी दोन फॉरवर्डना इतके पीक येते तेव्हा पाणी कुठून येत होते ते पाहायला हवे. त्या वर्षीचे विजेतेपद हॉथॉर्नचे, आणि 2013 ते 2015 ही तीनही विजेतेपदे.

बेन ब्राउनची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची आहे. नॉर्थ मेलबर्नच्या या उंच, लांबलचक धाव घेऊन किक मारणाऱ्या फॉरवर्डने 2017 ते 2019 अशी ओळीने तीन वर्षे साठाहून अधिक गोल मारले. 2019 मध्ये पोर्ट अॅडलेडविरुद्ध एका सामन्यात 10. 2020 मध्ये संघ कोसळला, अख्ख्या हंगामात तीनच सामने जिंकला, आणि ब्राउनच्या खात्यावर 9 सामन्यांत 8 गोल राहिले. गुडघाही त्रास देत होता. क्लबने त्याला जाऊ दिले. पुढच्या वर्षी तो मेलबर्नकडून ग्रँड फायनल खेळला, तीन गोल मारले, विजेता ठरला. गुडघा नव्हता असे मी म्हणत नाही. पण साठांवरून आठांवर आलेला आकडा एका माणसाचा म्हणून वाचायचा आणि त्याच वर्षी मध्यफळीच मोडून पडली होती हे बाजूला ठेवायचे, ही वाचनाची पद्धत क्लबांना परवडणारी नाही.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप टोनी लॉकेटच्या नावाने येतो आणि तो टाळून चालणार नाही. लॉकेट हा या लीगमध्ये सर्वाधिक, 1360 गोल मारणारा. त्याचा सेंट किल्डा 1983 पासून ओळीने चार वर्षे तळाला होता आणि 1987 मध्येही फायनल्सपासून लांबच राहिला. तरी त्या वर्षी लॉकेटने 117 गोल मारले आणि सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदकही मिळवले. 1989 च्या ग्रँड फायनलमध्ये गॅरी अॅब्लेटने 9 गोल मारले, आणि जीलाँग हरला. मग पुरवठ्याचे रडगाणे कशाला? थोर फॉरवर्ड वाईट चेंडूचेही सोने करतो.

करतो, हे मान्य. लॉकेटसारखा माणूस दोन बचावपटूंना अंगावर घेऊन झेल घेत असे. पण तो ज्या काळात खेळला त्या काळात फॉरवर्ड आणि फुलबॅक, म्हणजे गोलपुढचा बचावपटू, हे द्वंद्व बहुतांशी दोघांचेच असे. मागे धावून येणारी गर्दी पुढे आली. आणि आणखी महत्त्वाचे हे की लॉकेटचा लीड हाच पुरवठ्याचा अर्धा भाग होता. मान वर करताच मोठा माणूस योग्य दिशेने सुटलेला दिसला की सामान्य मिडफिल्डरची किकही नेमकी होते. म्हणून मी फॉरवर्डला दोषमुक्त करायला निघालेलो नाही. जो फॉरवर्ड उभ्या उभ्या हात वर करून चेंडू मागतो, किंवा दुसऱ्या फॉरवर्डच्या लीडच्या वाटेत धावतो, तो स्वतःचा पुरवठा स्वतः बिघडवतो. फक्त हे दोष गोलांच्या आकड्यातून दिसत नाहीत. तिथे चांगल्या चेंडूवर आळस करणारा आणि वाईट चेंडूवर जीव तोडणारा सारखेच दिसतात.

2017 चा रिचमंड हा दुसरा आक्षेप. उंच फॉरवर्ड एकटा जॅक रिवोल्ट, बाकी सारे बुटके, चपळ. चेंडू सुबक येण्याची वाट न पाहता कसाही पुढे ढकलायचा आणि जमिनीवर पडला की तुटून पडायचे. ग्रँड फायनलमध्ये समोर अॅडलेड होता, लीगमध्ये सर्वाधिक गुण मारणारा संघ. टेलर वॉकर, एडी बेट्स, जोश जेनकिन्स अशी फॉरवर्ड फळी. पहिल्या सत्रानंतर अॅडलेड पुढे होता. शेवटी रिचमंड 108, अॅडलेड 60. मला यात माझ्या म्हणण्याचा विरोध दिसत नाही, उलट आधार दिसतो. रिचमंडने आपल्या पायांना जमेल तो पुरवठा ठरवला आणि त्या पुरवठ्याला साजेसे फॉरवर्ड निवडले. आणि अॅडलेडच्या त्या नामांकित फळीला त्यांनी गोलजवळ हरवलेच नाही. मध्यातच अंगावर येऊन चेंडू देणाऱ्याला मान वर करायला फुरसत दिली नाही. वॉकर आणि बेट्स एका दुपारीत खेळ विसरले नव्हते.

श्रेय वाटण्याची रीत बदलायला हवी, ती इथे. क्रिकेटच्या धावफलकात झेल घेणारा आणि गोलंदाज दोघांची नावे शेजारी लागतात. बाद करणे दोघांचे काम आहे हे तो फलकच सांगतो. इथे सर्वाधिक गोल मारणाऱ्याला जॉन कोलमनच्या नावाचे पदक मिळते, त्याच कोलमनच्या, ज्याने 1949 मध्ये पहिल्याच सामन्यात 12 गोल मारले. ते मिळावेच. गोलला हातभार लावणाऱ्या शेवटच्या पासची नोंदही आता होते, पण ती तक्त्याच्या एका कोपऱ्यात पडून असते. 2021 ते 2023 अशी तीन वर्षे कोलमन पदक कार्लटनलाच गेले, एकदा हॅरी मॅकेला, दोनदा चार्ली कर्नोला. एकाच क्लबचे दोन वेगळे फॉरवर्ड ओळीने पहिले येतात तेव्हा त्या दोघांच्या मागे पाहावेसे वाटणे साहजिक आहे.

अडचण अशी की मागे पाहायची सोय सामान्य प्रेक्षकाला नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूला धरून चालतो. मिडफिल्डर चेंडू घेऊन वळतो तेव्हा पडद्यावर तो असतो आणि त्याला पकडायला आलेले दोघे-तिघे. पन्नास मीटरवरचा फॉरवर्ड चौकटीच्या बाहेर असतो. तो एकदा डावीकडे सुटला, चेंडू आला नाही, परत फिरला, पुन्हा सुटला, पुन्हा आला नाही, हे कुणालाच दिसत नाही. चौकट सरकते तेव्हा चेंडू हवेत असतो आणि फॉरवर्ड तीन बचावपटूंमध्ये अडकलेला. घरबसल्या पाहणाऱ्याने मग दुसरा कुठला निष्कर्ष काढावा? गोलच्या मागे प्रेक्षकांत बसणाऱ्याला मात्र सगळे दिसते. क्लबांचे प्रशिक्षकही गोलमागच्या कॅमेऱ्याचे चित्रण लावून खेळाडूंना चुका दाखवतात, कारण अख्खी रचना तिथूनच उलगडते. तेच चित्रण प्रक्षेपणात यावे. आणि सामन्यानंतर जो भलामोठा तक्ता छापला जातो त्यात फॉरवर्डच्या गोलांशेजारी दोन रकाने वाढावेत: त्याने किती लीड घेतले, आणि त्यांपैकी कितींवर चेंडू आला.